डॉक्टरांच्या जीपचे दिवे

जीपच्या डाव्या दिव्यातला डाग ज्वारीच्या दाण्याएवढा होता. कडेने पिवळा, मध्ये तपकिरी. अर्जुनराव मिस्त्रींनी काच उतरवून आतली चांदीचा मुलामा दिलेली वाटी उजेडाकडे धरली. डागाला बोट मात्र लावलं नाही. चांदीला जिथे बोट लागतं तिथे ती आधी काळी पडते. उजव्या दिव्यात तसेच तीन डाग होते.

"चार महिन्यांखाली तं चांदीचं पाणी देऊन आणलं होतं, काकू. अकोल्याहून."

"मंग मी काय केलं?" सिंधूताई म्हणाल्या. "तुम्ही रबराची नवी रिंग बसवली. मी वरून मेण लावलं, गोधडी टाकली. आता काय तीट लावू त्याइले?"

गोठ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या मंजुळाबाई नर्स हसल्या नाहीत. डॉक्टर माणिकरावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. ते असताना डोंगराकडच्या वाडीत कुणी बाई अडली की रात्री-बेरात्री त्यांची जीप निघे. सोबत पिशवी घेऊन त्यांच्या पत्नी सिंधूताई. आता अडलेली बाई बैलगाडीतून मंजुळाबाईंच्या दवाखान्यात येई. गेल्या पावसाळ्यात एकीचं मूल वाटेतच गेलं. गावात दुसरी मोटार नव्हती आणि लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली ही जीप गोठ्यात उभी होती. मंजुळाबाई दर वेळी मागत. सिंधूताई दर वेळी म्हणत, "दिवे साफ राहू द्या, मंग पाहू."

दिव्यांची तार तपासायला मिस्त्री जीपमध्ये चढले. चालकाच्या जागी पाठीशी कापसाची जाड उशी बांधली होती. तिच्यामुळे त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला लागले. त्यांनी ती सोडून बाजूला ठेवली.

"डॉक्टरसाहेबाची कंबर दुखे वाटते?"

सिंधूताईंनी उशीकडे पाहिलं.

"बरं, दिवे शेवटचे कधी लावले होते?"

"लावलेच नाही. बल्ब जाईल म्हणून."

मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. "असं आहे तर. काकू, दिवा लागला का आतून तापते, ओल निघून जाते. तुम्ही ओल आत कोंडली अन् वरून मेण लावलं. बाजूले ही शेणामुताची वाफ. पायातली जोडवी कधी काळी पडली होती का? पेटीत ठेवली तं पडतात."

सिंधूताईंची नजर आपल्या पायांकडे गेली. मिस्त्रींनी जीभ चावली.

"चुकलो, काकू."

"नाही. खरं आहे ते."

"मंग यावर औषध काय?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"दिवे लावायचे. गाडी चालवायची. दुसरं काहीच नाही."

"तं तुम्हीच चालवा ना, भाऊ. वरच्या वाडीतल्या बनाबाईचे दिवस भरले. मूल आडवं आहे. बैलगाडीत ती वाचत नाही."

"आज नेईन मी. पण माहं दुकान संग्रामपूरले. उद्या कोण? अन् डॉक्टरसाहेबासारखा अंधारात त्या घाटात गाडी हाकणारा माणूस आणता कोठून? पंधरा वर्षांत एक ओरखडा नाही या गाडीले."

गाईने शेपटी झटकली. सिंधूताई उठल्या. त्यांनी उशी उचलून दोन हातांनी झटकली आणि चालकाच्या जागी पाठीशी पुन्हा बांधली. गाठ ओढून पाहिली. मिस्त्रींची नजर उशीवरून सिंधूताईंच्या ठेंगण्या बांध्याकडे गेली. डॉक्टर सहा फुटांचे होते.

"सांज झाली का डॉक्टरले रस्ता दिसत नव्हता," सिंधूताई म्हणाल्या. त्यांचा हात अजून उशीवरच होता. "वेशीपर्यंत ते चालवत. लोक पाहत ना. वेशीपुढं अंधारात आम्ही जागा बदलत होतो."

मंजुळाबाईंनी तोंडावर पदर धरला.

"बनाबाईले निरोप द्या, मंजुळाबाई. आता गोठ्यापासूनच मी चालवीन."