कागदाच्या तळाशी

"विरोधकाचं नाव कधी घ्यायचं नाही," रऊफ म्हणाला. "घेतलं की तो मोठा होतो. नाही घेतलं की तो कुणीच नसतो."

बहीजानं मान डोलावली. मांडीवरचं अकॉर्डियन तिनं अजून खाली ठेवलं नव्हतं. तळमजल्यावरच्या कोशरीच्या दुकानातून तळलेल्या कांद्याचा वास जिना चढून वर येत होता. गायक-वादकांची प्रसिद्धी करणारे कैरोत शंभर असतील. भाची म्हणाली होती, रऊफकडे जा, पेपरवाले त्याचा फोन पहिल्या घंटीला उचलतात. आणि ठरवायच्या आधी त्याचं जुनं काम बघ.

येत्या गुरुवारी बहीजाचा कार्यक्रम होता. दीडशे खुर्च्यांचं सभागृह. बावीस वर्षं सगळं शहर सामिह रशवानची म्हणून जी धून गुणगुणतं, ती वाजवायची, आणि सांगायचं, ही माझी आहे.

एकदा सांगून झालं होतं. तेव्हा ती सामिहच्याच ताफ्यात, मागच्या रांगेत वाजवायची. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. त्यानंतर तिला लग्नांत वाजवायची बोलावणी बंद झाली. वेडीला कोण बोलावणार?

त्या चार ओळींसाठी ती प्रत्येक नमाजानंतर सामिहला शाप देत आली होती. एकही चुकवला नव्हता.

रऊफला यातलं तिनं अजून काही सांगितलं नव्हतं.

"जुनं काम दाखवा की, उस्ताद."

"हे आवडलं. लोक टरबूज घेतानासुद्धा टिचक्या मारून बघतात, आणि माझ्याकडे आले की डोळे मिटून सही करतात." त्यानं जाडजूड फाइल ओढली. पानं उलटली. एका कागदावरची धूळ बाहीनं पुसली. "हे माझं लाडकं. याच्यावर नाव झालं माझं."

*आमच्या एका जुन्या सहकारी बाईंच्या मनाचा तोल दुर्दैवाने ढळला आहे. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही. आमचा त्यांच्यावर राग नाही. त्यांना लवकर आराम पडो, हीच प्रार्थना.*

वाचायची गरज नव्हती. पाठ होतं.

पण खाली आणखी एक ओळ होती. ती तिनं कधीच पाहिली नव्हती.

*प्रसिद्धीसाठी: रऊफ मन्सूर.* मग फोन नंबर. मग सही.

"ही खालची ओळ?"

"ती छापत नाहीत. ती संपादकासाठी. काही विचारायचं झालं तर त्यानं मला फोन करायचा. वर लिहिलंय त्याला मी जबाबदार, एवढाच अर्थ."

बावीस वर्षं. सगळे शाप चुकीच्या पत्त्यावर.

"ती बाई खरंच वेडी होती?"

"छे. चांगली शहाणी होती, म्हणून तर." रऊफ हसला. "सामिह म्हणत होता, खोटारडी लिहा. मी म्हटलं, बाबा रे, खोटारडीशी लोक भांडतात. वेडीची नुसती कीव करतात, आणि घरी जातात."

"नाव काय तिचं?"

"विचारलंच नाही. नियम म्हणजे नियम."

तिच्या मांडीवरच्या भात्यातून एक बारीक सूर निसटला. तिनं तळहातानं भाता दाबून धरला.

"हा कागद नेऊ? भाचीला दाखवते."

"न्या ना. माझ्याकडे आहेत आणखी."

"मग ठरलं. माझंही लिहा."

रऊफनं कोरा कागद घेतला. "गोष्ट सांगा."

"गोष्ट गुरुवारी. आधी माणूस लिहा. लिहा, बहीजा अतिय्याचं डोकं ठिकाणावर आहे."

"असं कोण लिहितं, सित्त बहीजा?"

"आमच्या गल्लीत लोक काहीबाही बोलतात."

"गल्ली गप्प करणं माझ्यावर सोडा." तो वाकला.

*बहीजा अतिय्या. चाळीस वर्षं अकॉर्डियन.* पुढे *डोकं ठिकाणावर*. खोडलं. *मन खंबीर, स्मरणशक्ती तल्लख.* पुढे *सहसा*. तेही खोडलं. *कधीही खोटं न बोलणाऱ्या. गुरुवारी त्या जे सांगतील, ते निर्धास्तपणे खरं मानावं. मी त्यांना स्वतः ओळखतो.*

"ओळखता?"

"आता ओळखतो की."

मग पुन्हा सगळं स्वच्छ अक्षरात. तळाशी नाव, नंबर, सही.

बहीजानं तो कागद जुन्या कागदावर ठेवला. दोन्हींची एकच घडी घातली.

"पेपरांत मी स्वतः नेऊन देते," ती म्हणाली. "दोन्ही."

"दोन्ही? जुना कशाला?"

तिनं अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवला. "त्या बाईचं नाव तेव्हा विचारायचं राहिलं होतं तुमचं. आत्ता लिहिलंत."

रऊफचा हात फाइलकडे गेला. मग कागदाकडे. कागद टेबलावर नव्हता.

"सित्त बहीजा, ऐका, बसा जरा. त्यात माझं नाव..."

"मी कुणाचंच नाव घेणार नाही, उस्ताद. तुमचा नियम." दारात ती वळली. "संपादकांना काही विचारायचं झालं, तर नंबर खाली आहे. दोन्हींच्या."