नदीपलीकडची गावं

"नदीच्या दोन्ही काठांवर बालमृत्यूंचे आकडे सारखेच," विद्यापीठातून आलेल्या अनघा मॅडमनी लॅपटॉप कुंदाताईंकडे वळवला. "म्हणजे तुमच्या कामाचा परिणाम शून्य."

कुंदाताईंना काही सुधरेना. जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, हे त्यांच्या संस्थेनं नदीअलीकडच्या गावांतल्या आयांना घरोघर जाऊन शिकवलं होतं. पलीकडची गावं तुलनेसाठी मुद्दाम सोडली होती. ती निवडलीही कुंदाताईंनीच. आणि लेकरं दगावायची थांबली ती दोन्हीकडे? मग आपण केलं तरी काय? हाच अहवाल गेला, तर बाकीच्या तालुक्यात काम वाढवणं राहिलंच.

न राहवून त्या मॅडमना घेऊन पलीकडे गेल्या. पहिल्याच अंगणात एक बाई मलूल लेकरू मांडीवर घेऊन तांब्यातलं पाणी ढवळत होती. तिनं थेंबभर चाखलं. "डोळ्यातल्या पाण्याहून खारट नको," ती स्वतःशीच पुटपुटली.

कुंदाताई चमकल्या. हे शब्द त्यांचेच होते. "कुणी शिकवलं गं?"

"वहिनीनं. पंचमीला माहेरी गेलते ना, नदीपल्याड. आमच्या गावच्या निम्म्या सुना तिकडच्याच."

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला. "ताई, ज्यांची या दोन्ही काठांवर सोयरीकच नाही असं गाव सांगा. नव्यानं तुलना करू."

"आहे की, डोंगरामागं." बोलता बोलता कुंदाताई अडखळल्या. "पण मॅडम, तिथं सांगायला कुणाची वहिनीही जाणार नाही. मग आपण तिथं आधी जायचं, की तुलनेसाठी जायचंच नाही?"