ओल्या पायऱ्या

“वॉचमनला काढावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा,” सेक्रेटरी म्हणाले, आणि गच्चीवर हातांचं रान उगवलं. त्यांनी मोजणी केली. “आता विरोधात असतील त्यांनी.”

नियमकाका खुर्चीत चुळबुळले. त्यांचा उजवा हात झोळीत होता. डाव्या हातात चहाचा कप होता. कप ठेवायला जवळपास टेबल नव्हतं. जमीन होती, पण गच्चीच्या जमिनीवर कपबशा ठेवू नयेत असा नियम होता, आणि तो त्यांनीच केला होता.

“विरोधात कोणी नाही. ठराव मंजूर,” सेक्रेटरी म्हणाले. “आणि काका, तुमचा हात आम्ही वर धरलाच आहे बरं का. खांदा तर तुमचाच मोडलाय!”

सगळे हसले. काकाही हसले. झोळी खरं तर पंधरा दिवसांपूर्वीच सुटली होती. सभेला निघताना त्यांनी ती कपाटातून शोधून काढून गळ्यात अडकवली होती.

आयुष्यभर हेडक्लार्की केलेल्या या गृहस्थांना इमारतीतली पोरं नियमकाका म्हणत, आणि तोंडावर म्हणत. इमारतीतली एकूण एक पाटी त्यांच्या हातची. ‘फुले तोडू नयेत.’ ‘कठड्यावरून घसरू नये.’ ‘गच्चीवर उड्या मारू नयेत.’ ‘भिंतीवर लिहू नये.’ असा हा माणूस तीन महिन्यांपूर्वी भरदुपारी जिन्याच्या तळाशी आडवा सापडला. काय झालं, असं विचारल्यावर कण्हत एवढंच म्हणाला, “पायऱ्या ओल्या होत्या.” तीन शब्द. त्यात वॉचमनचं नावही नव्हतं. पण पायऱ्या वॉचमन पुसायचा. पुढचं वाक्य इमारतीने आपलं आपण पुरं केलं.

गंमत म्हणजे वॉचमननेही ते मान्य करून टाकलं. “त्या दुपारी पुसल्याचं आठवत नाही काका, पण पुसल्या असतील. माझंच चुकलं.” आणि चूक भरून काढायची म्हणून तो रोज त्यांना फिजिओथेरपीला नेऊ लागला. नुसता नेऊन सोडेल तर शपथ! मॅडम दाखवायच्या तो व्यायाम तो काकांच्या आधी शिकला. संध्याकाळी जिन्याखालच्या आपल्या खोलीबाहेर काकांना उभं करायचा आणि आकडे मोजायचा. बोटांनी मुंगीसारखं भिंत चढत जायचं. बोटं अडतील तिथे तो कानावरची पेन्सिल काढून रेघ मारायचा. बरोबर ‘भिंतीवर लिहू नये’च्या शेजारी.

“आज नाक गाठलं! उद्या कपाळ, काका!”

काका भिंतीवरची नजर काढत नसत. त्याच्याकडे पाहिलं की कळ यायची, आणि ती खांद्यात यायची नाही. आज बोलायचंच, असं ते रोज ठरवत. रोज बोटं कपाळाशी अडत आणि शब्द घशाशी.

परवा तर मॅडमनी साफच सांगितलं होतं, “हाड जुळलंय, काका. सांधा मोकळा आहे. आता हात अडत नाहीये, तुम्ही अडवताय.”

सभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वॉचमन निघाला. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी. काका फाटकापर्यंत त्याच्या मागे मागे गेले. आज झोळी नव्हती. त्याच्यापेक्षा हळू चालायला त्यांना बरं वाटत होतं; मागून त्याचा चेहरा दिसत नव्हता.

“काल सभेत तुमचा हात वर जाणारा नव्हता, ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “नाहीतर माझ्या बाजूने तुम्ही केलाच असता. मनाला लावून घेऊ नका. आणि व्यायाम सोडायचा नाही! मोजायचं काकूंना सांगून ठेवलंय. त्या मधले आकडे गाळतात, तेवढं लक्ष ठेवा.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात समोर बस आली. थांब्यावर कोणी दिसेना, तशी ती न थांबताच पुढे सरकू लागली. वॉचमनचे दोन्ही हात गुंतलेले.

“ओ! थांबा! अहो, थांबा!” काका ओरडले.

बस कचकन थांबली. वॉचमन मात्र जागचा हलला नाही. त्याने ट्रंक धाडकन खाली टाकली.

“काका, हात!” त्याचा चेहरा असा फुलला, जणू त्याचाच खांदा मोकळा झाला होता. “उजवा हात! कानाला टेकलाय बघा!” आणि सवयीने कानावरची पेन्सिल काढून तो रेघ मारायला भिंत शोधू लागला.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काकांना हात खाली घ्यायचं सुचेना.

“पायऱ्या कोरड्या होत्या रे,” ते म्हणाले. “मी कठड्यावरून घसरत येत होतो.”