पेजेची वाटी

"मला जगण्याचा अर्थ सापडलाय," व्यसनमुक्ती केंद्रातल्या खाटेवर मला जागा करून देत नवरा म्हणाला.

"कुठे होता? कपाटामागे? बाटल्या तिथेच असायच्या." मी लेकीला मांडीवर आणखी आवळून धरलं. पिऊन आलेल्या बापाच्या हातून ती पडली, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हापासून मी तिला त्याच्याकडे दिलेलं नाही.

त्यानं वही उघडली. आज कशासाठी जगायचं, ते रोज सकाळी लिहायचं असतं म्हणे. पानापानावर लेकीचं नाव, वळणदार अक्षरात. तिच्या रडण्यानं या माणसानं कधी कूससुद्धा बदलली नव्हती.

"सिस्टर, हे खरं धरायचं का?" मी शेजारी औषधं वाटणाऱ्या बाईंना विचारलं.

"इथे दर रविवारी चार जणांना अर्थ सापडतो," नर्सबाई म्हणाल्या. "सोमवारी भांडी घासायला कुणी सापडत नाही." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "उठा, आजोबांचं जेवण राहिलंय."

समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचे हात दारू सुटल्यापासून थरथरत होते. नवरा त्याला मऊ भात भरवू लागला. नाटक, मी मनात म्हटलं, मी बघतेय म्हणून. पण त्याला माझं भानच नव्हतं. प्रत्येक घासाला त्याचं स्वतःचंही तोंड उघडत होतं. लेकीला भरवताना माझं उघडतं, तसंच. हे काही वहीत लिहून येत नाही.

तो हात पुसत परत आला. लेकीला मी मांडीवरून उतरवलं नाही. तिच्यासाठी आणलेली गरम पेजेची वाटी तेवढी त्याच्यापुढे सरकवली.

"फुंकून दे," मी तुसडेपणानं म्हटलं. "तोंड पोळेल तिचं."