राजाच्या आधी

"राहू द्या ताई घडीभर," पाटाचं पाणी वाटून देणारे पाटकरी सुपडूकाका म्हणाले. "अर्धा गहू कोरडाच आहे. आज कोण बोलणार तुम्हाला?"

आमची पाण्याची पाळी संपली होती. शेताचं तोंड बुजवायला मी फावडं उचललं, पण हात थांबला. हा गहू बाबांनी पेरलेला. ओंब्या भरण्याआधीच ते गेले.

बाबा इतिहासाचे मास्तर. राज्यसंस्था कशी जन्मली यावरची जाडजूड पुस्तकं मी कॉलेजात वाचायचे आणि सुट्टीत येऊन याच बांधावर त्यांना ऐकवायचे. ते हसायचे. "राजा फार नंतर आला गं. आधी माणसांनी पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. आपलं शेत तहानलेलं असताना ज्यानं पहिल्यांदा पाणी खाली सोडलं, त्याच्यापासून सुरुवात कर."

मी फावडंभर चिखल टाकला, मग आणखी थोडा. पाणी क्षणभर घुटमळलं आणि उताराला लागलं.

पाणी पोहोचलं की वरच्या शेतकऱ्याचं नाव घेऊन हाळी द्यायची, ही आमच्याकडची रीत. थोड्या वेळानं खालच्या शेतातून विमलमावशींचा आवाज आला, "मास्तरांकडून पाणी आलं होऽ!"