पोर्टमधली फुंकर

पेनड्राइव्ह लावण्याआधी पोर्टमध्ये फुंकर मारायची, ही दुरुस्तीवाल्याची जुनी खोड. धूळ असो वा नसो, गाल फुगवून फुंकल्याशिवाय त्याचा हात पुढे जात नसे.

मागच्या गल्लीतल्या वहिनी आज पुन्हा तोच लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, गेलेल्या नवऱ्याचा. तक्रारही तीच, पेनड्राइव्ह लागत नाही.

"वहिनी, मागच्या खेपेला ठणठणीत करून दिला होता की!"

"बघा ना एकदा, भाऊजी."

त्याने बॅटरी काढून बाजूला ठेवली, लॅपटॉप तोंडाजवळ धरला आणि सवयीने फुंकर मारली.

फुंकर परत आली. उबदार, ओलसर, थेट त्याच्या ओठांवर.

आतला पंखा फिरला असेल, असं मनाशी म्हणेपर्यंत त्याची नजर टेबलावरच्या बॅटरीकडे गेली.

"आली ना?" वहिनींचा चेहरा उजळला. "घरी मी फुंकून फुंकून थकते, पण मला मेलं काही उत्तर देत नाहीत हे. तुमच्याशीच जमतं त्यांचं. थांबू नका ना."

पोर्टमधून आता संथ श्वास ऐकू येत होता, अगदी दुरुस्तीवाल्याच्या श्वासाच्या तालावर. घाबरून त्याने तोंड घट्ट मिटलं, श्वास रोखून धरला. पोर्टमध्येही सगळं शांत झालं.

वहिनी लॅपटॉपला कान लावून वाट पाहत राहिल्या.

मग आत कोणीतरी खोल श्वास घेतला, आणि दुरुस्तीवाल्याची छाती भरून वर आली.