भाऊ कसा आहे?

संघमित्राला डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करायची होती. मार्क उत्तम होते, सगळे उन्हाळे लॅबमध्ये गेले होते, तरी २००६ साली अर्ज भरताना कॉलेजच्या सल्लागार बाई म्हणाल्या, "हे सगळ्यांकडेच असतं. तुला दोन्ही का करायचंय, ते निबंधात दिसू दे."

कारण शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या घरीच होतं. धाकट्या भावाला, सुमेधला, जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. दुखायला लागलं की तो उशी दातांत धरून पडून राहायचा. पण अ‍ॅडमिशनसाठी भावाचं दुखणं वापरायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

"लिही ना ताई, यार," सुमेधच हसत म्हणाला. "आजवर ह्या आजारानं नुसता त्रास दिलाय. एकदा तरी त्याला कामाला लाव."

तिनं लिहिलं. इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं त्याच आठवड्यात सुमेधला न्यूमोनिया झाला, आणि तो हॉस्पिटलमधून घरी परत आलाच नाही. संघमित्रा इंटरव्ह्यूला जायला तयार नव्हती. शेवटी आईनंच तिची बॅग भरून दिली.

समोरचे म्हातारे प्रोफेसर प्रेमळ होते. निबंध त्यांनी मनापासून वाचला होता. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "आता कसा आहे तुझा भाऊ?"

'गेला' हा शब्द तिला इंग्रजीतही उच्चारता येईना.

"बरा आहे, सर. आता त्याला अजिबात दुखत नाही."